छाती फुगत नाही? आधी पाठ मोकळी करा

पोलीस भरतीची जाहिरात आली की नांदगाव-मनमाडच्या वस्त्यांतली मुले-मुली पहाटेच धावायला निघतात. धावण्याचा सराव सगळेच करतात. पण छाती मोजताना टेप अडतो, गोळा जवळच पडतो, तेव्हा घरचे म्हणतात, "खुराक कमी पडला." खुराक हवाच. मात्र अडसर पुष्कळदा पाठीत असतो, हे आम्हाला आज सांगायचे आहे.

पोलीस शिपाई भरतीत मुलांची छाती न फुगवता किमान ७९ सेंटीमीटर लागते आणि फुगवल्यावर किमान ५ सेंटीमीटर वाढावी लागते. मैदानी चाचणीच्या ५० गुणांपैकी १५ गुण गोळाफेकीचे. मुलांचा गोळा ७.२६ किलोचा, मुलींचा ४ किलोचा. छाती आणि हात, दोन्हींचे मूळ पाठीच्या कण्यात आहे.

छातीच्या मागे कण्याचे १२ मणके असतात. त्यांना बरगड्यांच्या १२ जोड्या जोडलेल्या असतात. मणके आखडले की बरगड्या नीट उघडत नाहीत. खांद्यामागचे फऱ्याचे हाडही याच पिंजऱ्यावर सरकते. आत्ताच करून बघा. पोक काढून बसा आणि हात वर न्या. मग ताठ बसून पुन्हा न्या. फरक लगेच कळेल.

दमाचेही तसेच. पायांपेक्षा हातांचे स्नायू लहान. म्हणून तेवढेच काम हातांनी केले की छाती जास्त धडधडते, धाप लवकर लागते. शिवाय मान-खांद्याचे काही स्नायू श्वासालाही मदत करतात. हात वर धरून काम केले की ते तिकडे गुंततात. भिंतीला रंग देताना धडधाकट माणसाचेही हात भरून येतात, ते यामुळे.

आपल्या भागाला पाठीचे कष्ट नवे नाहीत. मनमाडच्या अन्न महामंडळाच्या गोदामात हमाल ५० किलोची गोणी उचलतात. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडलाच रेल्वेतल्या दलित कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या माणसांना गँगमनच्याच कामात कसे अडकवून ठेवतात, हे मांडले होते. त्या पिढीची पाठ ओझ्याने वाकली. आजच्या मुलांची पाठ मोबाइल आणि पुस्तकावर तासन्तास वाकून आखडते.

घरी तपासणी सोपी आहे. शिवणकामाचा टेप काखेखालून छातीभोवती धरा. पूर्ण श्वास सोडून मोजा, मग पूर्ण भरून मोजा. तरुण माणसात साधारण ५ सेंटीमीटरचा फरक पडायला हवा.

आठवड्यातून चार दिवस हे करा:

१. चादरीची गुंडाळी फऱ्यांच्या मध्ये आडवी ठेवून उताणे झोपा. हात डोक्यामागे न्या. दहा संथ श्वास घ्या.

२. हात-गुडघे टेकून पाठ वर उचला, मग खाली सोडा. दहा वेळा.

३. ताठ बसा, हात छातीवर घडी करा. कंबर न हलवता डावीकडे-उजवीकडे वळा. दहा-दहा वेळा.

४. आता हातांची पाळी. पाण्याने भरलेली लिटरची एकेक बाटली दोन्ही हातांत घ्या. एक मिनिट डोक्यावर नेत-आणत राहा, एक मिनिट थांबा. असे पाच वेळा. श्वास रोखू नका. सोपे वाटू लागले की वेळ वाढवा.

पाठ मोकळी झाली म्हणजे हातात दम आपोआप येतो, असे नाही. पाठ हाताला वाट देते. दम कामानेच वाढतो. म्हणून चौथा व्यायाम टाळू नका.

हाताला मुंग्या आल्या, चक्कर आली किंवा छातीत दुखले तर लगेच थांबा आणि डॉक्टरांना दाखवा. तरुण वयात रोज सकाळी पाठ अर्धा तास आखडलेली राहते, हालचालीने मोकळी होते आणि हे तीन महिने चालले आहे, तर तो मणक्यांच्या सांध्यांचा आजार असू शकतो. अंगावर काढू नका, सरकारी रुग्णालयात दाखवा.

आजचा टेपचा आकडा वहीत लिहून ठेवा. सहा आठवड्यांनी त्याच जागी टेप धरून पुन्हा मोजा. घरातल्या मुलीचाही मोजा. गोळा तिलाही फेकायचा आहे.