गणिताच्या चर्चासत्रात आपली मुले केव्हा बसणार?

पाताळगंगेच्या काठचे आपटा गाव रसायनीच्या कारखान्यांपासून जवळ. इथल्या कितीतरी घरांत आजोबांनी मजुरी केली, वडील कंपनीत ठेकेदाराकडे लागले आणि मुलगी पनवेलच्या कॉलेजात पोहोचली. या मुलीने बी.एस्सी.ला गणित घेतले की घरचे विचारतात, "पुढे काय?" बँकेची परीक्षा दे, बी.एड. कर, हे सल्ले चांगलेच आहेत. पण गणितात संशोधन करणे हेही एक काम आहे आणि ते शिकत असताना दरमहा पैसे मिळतात, हे आपल्या वस्तीत फारसे कोणी सांगत नाही. ते सांगावे म्हणून आम्ही हा लेख लिहीत आहोत.

आपट्याहून गाडीने पनवेल, तिथून हार्बर लोकलने सीएसएमटी, पुढे बसने कुलाब्याचे नेव्हीनगर. तिथे समुद्राला लागून टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी आहे. डॉ. होमी भाभा यांनी ती १९४५ साली स्थापन केली. सुरुवातीच्या काळातच तिथे गणिताचे प्राध्यापक म्हणून दामोदर कोसंबी आले. 'भगवान बुद्ध' हा ग्रंथ लिहिणाऱ्या धर्मानंद कोसंबींचे ते चिरंजीव. १९४९ साली के. चंद्रशेखरन आले आणि त्यांनी गणित विभागाची घडी बसवली. जगातले नामवंत गणिती बोलवायचे, त्यांनी काही आठवडे व्याख्याने द्यायची आणि संस्थेतल्या तरुण विद्यार्थ्यांनी त्यांची टिपणे लिहून काढायची. ती टिपणे पुस्तकरूपाने छापली जात. दुसऱ्याचे बोलणे लिहून काढायचे तर प्रत्येक पायरी स्वतःला कळावी लागते. विद्यार्थी तयार झाले ते असे.

त्यांतलेच एक एम. एस. नरसिंहन, तामिळनाडूच्या खेड्यातल्या शेतकरी घरातले. त्यांनी आणि सी. एस. शेषाद्री यांनी मिळून १९६५ साली प्रसिद्ध केलेले प्रमेय आज जगभर त्या दोघांच्या नावाने ओळखले जाते.

चर्चासत्र म्हणजे समारंभ नव्हे. तिथे हारतुरे नसतात, सत्कार नसतो. फळा, खडू आणि साधारण एक तास. प्रश्न काय आहे, आजवर काय कळले आहे आणि आपण नवीन काय सिद्ध केले, हे वक्ता सांगतो. ऐकणारा मध्येच विचारतो, "ही पायरी कशी आली?" वक्ता कितीही मोठा असो, त्याला उत्तर द्यावे लागते. उत्तर नसेल तर सिद्धता अपुरी. नाव, पद, वय यांच्या जोरावर गणितात काहीही खरे ठरत नाही.

ही रीत आपल्याला परकी नाही. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात बाबासाहेबांनी भारतातील जातींवरचा आपला निबंध वाचला. तेव्हा ते पंचवीस वर्षांचे विद्यार्थी होते.

आता प्रश्न कसले असतात ते पाहू. ३ आणि ५, ११ आणि १३, १७ आणि १९ या मूळ संख्यांच्या जोड्या. दोघींत अंतर फक्त दोनचे. अशा जोड्या कधी संपतात की संपतच नाहीत? प्रश्न सातवीच्या मुलाला कळेल, पण उत्तर अजून कोणी सिद्ध केलेले नाही. २०१३ साली यितांग झांग या गणितज्ञाने दाखवले की सात कोटींपेक्षा कमी अंतराच्या जोड्या अनंत आहेत. पुढे अनेकांनी मिळून ते अंतर २४६ पर्यंत खाली आणले. झांग यांचे बालपण चीनमध्ये गेले. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात त्यांची शाळा सुटली, शेतात राबावे लागले. अमेरिकेत पीएच.डी. झाल्यावरही विद्यापीठात नोकरी मिळेना, म्हणून त्यांनी खाद्यपदार्थांच्या दुकानात हिशेब लिहिले. हे काम जगापुढे आले तेव्हा त्यांनी पन्नाशी कधीच ओलांडली होती.

पण एवढ्याने आपल्या मुलांची वाट सोपी होत नाही. घरात पहिल्यांदाच शिकणारी मुलगी अशा खोलीत शेवटच्या बाकावर बसते. इंग्रजी अडते. आपण विचारले तर हसतील, या भीतीने ती गप्प राहते. गणित कठीण म्हणून सोडणाऱ्यांपेक्षा असे गप्प राहून सोडणारे आम्हाला जास्त दिसतात. घरचीही ओढाताण असते. पाच-सहा वर्षे शिकायचे, मग धाकट्या भावाची फी कोणी भरायची?

याला काही उत्तरे आहेत. हार्बर मार्गावरच मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. शाळकरी मुलांच्या गणित ऑलिम्पियाडचे काम तिथून चालते. कॉलेजच्या मुलांसाठी प्रा. कुमारेसन यांनी १९९३ साली उन्हाळी गणित प्रशिक्षण वर्ग सुरू केले. मुलांना बोलते करणे, चुकीच्या उत्तरावरूनही विचार पुढे नेणे, हा त्या वर्गांचा गाभा. टाटा संस्थेत पीएच.डी.ला प्रवेश लेखी परीक्षा आणि मुलाखतीतून होतो. केंद्र सरकारच्या कनिष्ठ संशोधकांचे विद्यावेतन २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये झाले. ठेकेदारीवर राबणाऱ्या घराला हा आकडा लहान नाही.

आईवडिलांना गणित येत नसले तरी चालेल. मुलीला रोज एक तास पाणी भरणे, भांडी, धाकट्याला सांभाळणे यातून मोकळे ठेवा. तिने सोडवलेले एखादे गणित तिला मोठ्याने समजावून सांगू द्या आणि न कळले तिथे "असे का?" म्हणून विचारा. कुलाब्याच्या त्या खोलीतही हेच विचारतात. घरात उत्तर द्यायची सवय लागलेली मुलगी तिथे गप्प बसणार नाही.