पाणी जितके खोल, तितका फ्लोराइडचा धोका

शाळेच्या आरोग्य तपासणीत एकाच गावातल्या बऱ्याच मुलांच्या दातांवर तपकिरी पट्टे दिसले, की आम्ही ब्रश-पेस्टची चौकशी करत नाही. पिण्याचे पाणी कुठून येते, बोअर किती खोल आहे, ते विचारतो. हे डाग बहुधा फ्लोराइडचे असतात. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरमागे १.५ मिलिग्रॅमच्या वर नसावे. वर्षानुवर्षे ते जास्त प्रमाणात पोटात गेले, तर सांधे आखडतात, कणा ताठरतो. हाडांचे हे नुकसान औषधाने भरून निघत नाही. पाणी उकळूनही उपयोग नाही. वाफ जाते, फ्लोराइड भांड्यातच राहते.

हे येते खडकातून. यवतमाळ, चंद्रपूरकडे हा त्रास जुना आहे. खोलवरचे पाणी खडकात दीर्घकाळ साठून असते, म्हणून त्यात क्षार जास्त उतरतात. उथळ विहिरीत दर पावसाळ्यात नवे पाणी मिसळते. पण डोंगर बोडका झाला, पाऊस न मुरता वाहून गेला, की विहीर आटते. मग बोअर, आणि तोही आटला की आणखी खोल.

म्हणून हिवरे बाजार मला आरोग्याच्या दृष्टीनेही महत्त्वाचे वाटते. अहिल्यानगर जिल्ह्यातले हे कमी पावसाचे गाव. १९९० च्या सुमारास पोपटराव पवार सरपंच झाले. श्रमदान आणि सरकारी योजना यांची सांगड घालून उतारावर सलग समपातळी चर, खाली बंधारे झाले. चर तर महाराष्ट्रात सगळीकडेच खणले गेले, आणि अनेक ठिकाणी गाळाने बुजलेही! इथे ग्रामसभेने नियम केले आणि पाळले: कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, उसासारख्या तहानलेल्या पिकांना मनाई, शेतीसाठी विंधन विहीर नाही. पावसाळा संपला की पाण्याचा ताळेबंद मांडतात. आधी माणसे-जनावरांचे पिण्याचे पाणी, उरेल त्यावर पिके. मला विचाराल तर विंधन विहिरीवरची बंदी सर्वांत मोलाची. आणि ती पाळणे सर्वांत कठीण.

विहिरीला पाणी आले म्हणजे ते शुद्धच, असे मात्र समजू नका. उघड्या विहिरीत जंतू लवकर शिरतात. तिच्याजवळ उकिरडा किंवा शौचालयाचा शोषखड्डा नको, आणि टीसीएल पावडर नियमित हवी. पाण्याचा नमुना ग्रामपंचायतीमार्फत तपासायला देताना जंतूंची आणि रासायनिक अशा दोन्ही तपासण्या सांगा. फ्लोराइड फक्त दुसरीत कळते.