रस्त्याची ताकद कशात आहे?

रस्ता रुंद केला की वाहतुकीचा प्रश्न सुटला, असा एक समज आहे. तो पुरता खरा नाही. इंडियन रोड्स काँग्रेसने १९९० साली शहरी रस्त्यांच्या क्षमतेचे जे आकडे दिले, ते पाहा. दोनपदरी दुहेरी रस्ता घ्या. कडेला दारे उघडत नसतील, वाहने उभी राहत नसतील, आडवी वर्दळ थोडी असेल, तर तो मुख्य रस्ता. त्यावर तासाला १५०० मोटारींइतकी वाहतूक धरली आहे. दारे उघडली, पण वाहने उभी करू दिली नाहीत, तर १२००. दुकाने, उभ्या गाड्या, आडवी वर्दळ सारेच आले की ९००. डांबर तेवढेच, ६०० मोटारींची ताकद कडेलाच जिरली.

पुण्याचा कर्वे रस्ता कोथरूडला नेणारा हमरस्ताही आहे आणि बाजारपेठही. एका विणकराच्या गळ्यात चार माग बांधावेत, तसे हे झाले.

आता मोजमाप. बसगाड्यांचे प्रमाण दहा टक्के वा अधिक असेल, तर एक बस ३.७ मोटारींएवढी धरतात. हा हिशेब जागेचा आहे, माणसांचा नव्हे. बसमध्ये पन्नास माणसे सहज असतात. चार मोटारींत गच्च भरूनही वीस. तेव्हा कडा मोकळी करायची म्हणून पहिला हात हातगाडीवाल्यावर का? दिवसभर उभी असलेली रिकामी मोटार कोणाला वाहून नेते, हे आधी विचारावे.