डबा संपला… पण लेव्हल पाहिली का?

शनिवारी सकाळी जळगावात गाडीचं ऑइल बदललं आणि दुपारी धुळ्याला मामांकडे पोचले. नव्वदएक किलोमीटरचा रस्ता, एरंडोलला एक चहा, पारोळा मागे पडेपर्यंत फुल व्हॉल्यूममध्ये गाणी. नवं ऑइल, नवा फिल्टर… मनातून एकदम जबाबदार नागरिक वाटत होतं!

मामा एसटीत ड्रायव्हर होते. निवृत्त झाले, तरी दारात गाडी उभी राहिली की भाचीच्या आधी ते बॉनेटकडे बघतात.

"ऑइल बदललंस म्हणे. लेव्हल पाहिलीस?"

"गॅरेजवाल्याने पाहिली असेल ना."

"तू पाहिलीस का?"

मी गप्प. मामा म्हणाले, आधी चहा घे. मला वाटलं पाहुणचार. नंतर कळलं, इंजिनात वर चढलेलं ऑइल खाली चेंबरमध्ये उतरायला ते पंधरा मिनिटं देत होते!

चहानंतर त्यांनी अंगणातल्या सपाट फरशीवर गाडी घ्यायला लावली. डिपस्टिक ओढली, फडक्याने पुसली, पुन्हा पूर्ण आत घातली आणि बाहेर काढली. पहिल्यांदा काढलेल्या पट्टीवर ऑइल इकडे तिकडे लागलेलं असतं, म्हणून खरं रीडिंग दुसऱ्या वेळचं. पट्टीवर दोन खुणा असतात, खाली मिनिमम आणि वर मॅक्सिमम. ऑइल या दोघांच्या मध्ये हवं. माझं ऑइल वरच्या खुणेच्या बोटभर वर होतं.

म्हटलं, कमी तर नाही ना? जास्तच आहे, मग चांगलंच की! मामांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी पेट्रोलच्या गाडीत डिझेल भरून आणलंय.

झालं काय होतं, ते मॅन्युअल उघडल्यावर कळलं (पाच वर्षांत पहिल्यांदा उघडलं, कबूल करते). माझ्या गाडीला फिल्टर धरून ३.१ लिटर ऑइल लागतं. बाजारात मिळणारा डबा साडेतीन लिटरचा. गॅरेजवाल्याने सकाळी मोठ्या अभिमानाने सांगितलं होतं, "ताई, टेन्शन घेऊ नका. पूर्ण डबा टाकलाय, एक थेंब ठेवला नाही!" त्यात गाडी थंड असतानाच जुनं ऑइल काढलेलं. थंड ऑइल जाड असतं, सावकाश उतरतं, थोडं आतच राहतं. वर मी घाईत. सगळ्यांनी मिळून केलेला घोळ.

आणि यात गॅरेजवाला लबाड नव्हता हो, उलट प्रामाणिक होता. डब्याचे पैसे ताईंनी दिलेत, तर ऑइल ताईंच्याच गाडीत जायला हवं, हा त्याचा हिशेब. आपल्यालाही तोच आवडतो ना? राहिलेलं पाव-अर्धा लिटर त्याने बाजूला ठेवलं असतं, तर मीच संशय घेतला असता.

जास्त ऑइलने बिघडतं काय? इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं आणि त्याच्या वर क्रँकशाफ्ट गरगर फिरत असतो, मिनिटाला हजारो फेरे. लेव्हल फार वर गेली की तो थेट ऑइलमध्ये बुडतो आणि रवीने ताक घुसळावं तसा फेस काढतो. फेस म्हणजे हवा. पंप ऑइलऐवजी हवा ओढायला लागला की प्रेशर पडतं, आणि जिथे धातूवर धातू फिरतोय तिथे ऑइलचा पातळ थर उरत नाही. सीलवर ताण येतो, गळती सुरू होते, सायलेन्सरमधून निळसर धूर येतो. डिझेल इंजिनात तर क्वचित असंही होतं, की वर गेलेलं ऑइल हवेच्या वाटेने इंजिनात शिरतं आणि इंजिन त्याच्यावरच पळत सुटतं. चावी बंद केली तरी थांबत नाही!

कमी ऑइल अर्थातच तितकंच वाईट. पण डॅशबोर्डवरच्या लाल दिव्यावर भरवसा ठेवून बसू नका. तो सहसा प्रेशरचा असतो, लेव्हलचा नाही. तो पेटला की गाडी तिथेच बाजूला घेऊन बंद करायची. "पुढच्या पंपापर्यंत नेऊ" हा विचार इंजिन उघडायच्या खर्चापर्यंत नेतो. मेमध्ये पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला टेकलेला असताना, जळगाव-धुळे रस्त्यावर एसी लावून चाललेल्या इंजिनाला तर अजिबात दया येत नाही.

मग पाहायचं कधी? गॅरेजमधून निघण्याआधी, पैसे देण्याआधी. नवा फिल्टर रिकामा असतो, इंजिन सुरू झालं की तो थोडं ऑइल स्वतःत घेतो आणि लेव्हल जराशी उतरते. म्हणून इंजिन मिनिटभर चालवायचं, खाली वाकून ड्रेन बोल्ट आणि फिल्टरपाशी थेंब दिसतो का बघायचं, बंद करून पाच-दहा मिनिटं थांबायचं आणि मग पट्टी. तुमच्या गाडीचं मॅन्युअल वेगळं सांगत असेल, तर त्याचं ऐका. काही महागड्या गाड्यांत पट्टीच नसते, तिथे स्क्रीनवर बघावं लागतं. रंगावर जाऊ नका, डिझेल गाडीत नवं ऑइलही लगेच काळं पडतं. मात्र एप्रिल २०२० नंतरची बीएस-सिक्स डिझेल गाडी असेल, तर एक गोष्ट लक्षात ठेवा. काजळीचा फिल्टर साफ करताना जादा डिझेल सोडलं जातं, त्यातलं थोडं ऑइलमध्ये उतरू शकतं. न टाकताच लेव्हल वर चढत असेल, तर वर्कशॉपला दाखवा.

माझ्या जादा ऑइलचं काय झालं? मामांच्या ओळखीचा मिस्तरी आला. डिपस्टिकच्या नळीतून बारीक पाइप आत सोडला आणि मोठ्या सिरिंजने ओढत बसला. थोडं काढायचं, पट्टी बघायची, पुन्हा थोडं. असं अर्ध्या लिटरहून जास्त निघालं. पैसे घेईना, चहा घेतला.

पुढच्या वेळी ऑइल बदलायला गेले, तेव्हा तीन लिटर झाल्यावर मीच हात वर केला. "बस, आता पट्टी बघू." पोऱ्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग डब्याकडे. "ताई, राहिलेल्याचं काय करू?" म्हटलं, झाकण घट्ट लावून दे. तो डबा आता डिकीत स्टेपनीशेजारी आहे. परवा मामांचा फोन आला होता, त्यांनी आधी त्याचीच चौकशी केली.