लांब पल्ल्याच्या रात्रविमानातील प्रथम श्रेणी : पैशाच्या मोबदल्यात नेमके काय मिळते?

मुंबई : मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळावर युरोपकडे जाणाऱ्या विमानांची वर्दळ मध्यरात्रीनंतर वाढते. त्याचे कारण युरोपातील घड्याळात आहे. उदाहरणार्थ, फ्रँकफर्ट विमानतळावर रात्री ११ ते पहाटे ५ या वेळेत नियोजित उड्डाणांना आणि आगमनांना मनाई आहे. मुंबईहून रात्री दीडच्या सुमारास निघालेले विमान साधारण नऊ तासांनी तेथे उतरते, तेव्हा हिवाळ्यात जर्मनीत सकाळचे सहा वाजलेले असतात. युरोपातील अन्य शहरांना किंवा अमेरिकेला जाणारे पुढचे विमान पकडण्यासाठी ही वेळ सोयीची ठरते. प्रवाशाची रात्र मात्र विमानातच जाते. प्रथम श्रेणीच्या महागड्या तिकिटात विमान कंपन्या मुख्यतः याच रात्रीची झोप विकत असतात.

झोपेचा हिशेब

नऊ तासांच्या उड्डाणात प्रत्यक्ष झोपेसाठी किती वेळ उरतो, हे जेवणाच्या वेळापत्रकावर ठरते. इकॉनॉमी श्रेणीत शेकडो प्रवाशांना एकाच वेळी जेवण वाढावे लागते. उड्डाणानंतरचे जेवण, ताटे उचलणे, दिवे मंद करणे आणि उतरण्यापूर्वी पुन्हा न्याहारी, यांत तीन तास सहज जातात. प्रथम श्रेणीत चार ते चौदा प्रवासी असतात. त्यामुळे प्रत्येकाला हवे तेव्हा जेवण मिळू शकते किंवा ते टाळताही येते. अनेक जण विमानतळावरील विश्रांतिकक्षातच जेवून घेतात आणि विमान आकाशात स्थिरावताच झोपतात. कर्मचारी गादी, चादर आणि पांघरूण घालून अंथरूण तयार करतात. काही कंपन्या रात्री घालण्यासाठी कपडेही देतात. अशा प्रवाशाला सहा-सात तासांची सलग झोप मिळू शकते.

इकॉनॉमी श्रेणीत दोन रांगांमधील अंतर साधारण ३१ ते ३२ इंच असते, तर प्रथम श्रेणीतील पलंगाची लांबी साडेसहा फुटांच्या आसपास असते. अर्धवट कललेल्या आसनावर शरीर सतत खाली घसरते आणि झोप वारंवार मोडते. पाठ पूर्ण सपाट टेकली की हा त्रास उरत नाही.

तरीही काही गोष्टी पैसे देऊन बदलता येत नाहीत. विमानातील हवेचा दाब सर्व श्रेणींत सारखाच असतो. तो समुद्रसपाटीपासून सहा ते आठ हजार फूट उंचीवरील हवेच्या दाबाइतका असतो. हवा अत्यंत कोरडी असल्याने घसा सुकतो, आणि गोड व खारट चवी जिभेला फिक्या जाणवतात. त्यामुळे महागड्या पदार्थांचीही चव जमिनीवरच्यासारखी लागत नाही. विमानाचे हेलकावे पंखांजवळील भागात सर्वांत कमी जाणवतात. प्रथम श्रेणी बहुधा विमानाच्या नाकाकडे असते. तेथे इंजिनांचा आवाज कमी असला, तरी हेलकाव्यांपासून सुटका नसते.

आरोग्याबाबतही एक गैरसमज रूढ आहे. पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याच्या विकाराला ‘इकॉनॉमी क्लास सिंड्रोम’ असे नाव पडले. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासानुसार, चार तास किंवा त्याहून अधिक काळ बसून प्रवास केल्यास हा धोका साधारण दुप्पट होतो. मात्र प्रत्यक्षात तो सुमारे सहा हजार प्रवाशांमागे एकाला असतो. दीर्घकाळ हालचाल न करणे हे त्याचे मूळ कारण आहे. म्हणून प्रथम श्रेणीतील प्रवाशानेही भरपूर पाणी पिणे, मद्य बेताने घेणे आणि जाग आल्यावर चार पावले चालणे हिताचे असते.

श्रेणी आक्रसली का?

विमानात झोपण्याची सोय नवी नाही. पॅन ॲम कंपनीने १९४९ मध्ये सेवेत आणलेल्या बोइंग स्ट्रॅटोक्रुझर विमानांतही निजण्यासाठी बर्थ होते. जेट विमाने आल्यावर प्रवासाचा वेळ घटला आणि बर्थची जागा रुंद, कलणाऱ्या आसनांनी घेतली. १९९० च्या दशकाच्या मध्यात ब्रिटिश एअरवेजने प्रथम श्रेणीत पूर्ण सपाट होणारे आसन आणले. पुढे २००० मध्ये याच कंपनीने तशी सोय बिझनेस श्रेणीतही दिली आणि प्रथम श्रेणीचे वेगळेपण धोक्यात आले. २०१७ मध्ये कतार एअरवेजने बिझनेस श्रेणीतच सरकत्या दाराचे कक्ष दिल्यावर दोहोंतील अंतर आणखी कमी झाले.

त्यानंतर कंपन्यांनी दोन मार्ग निवडले. काहींनी प्रथम श्रेणी अधिक प्रशस्त, पण कमी आसनांची केली. सिंगापूर एअरलाइन्सच्या ए-३८० विमानांत २००७ मध्ये १२ कक्ष होते. २०१७ च्या नव्या रचनेत ते सहा झाले. एमिरेट्सच्या ए-३८० विमानांत प्रथम श्रेणीच्या १४ कक्षांसाठी दोन स्नानगृहे आहेत. तेथे प्रत्येक प्रवाशाला पाच मिनिटे पाणी मिळते. अन्य अनेक कंपन्यांनी मात्र ही श्रेणीच वगळली. भारतात जेट एअरवेजच्या बोइंग ७७७ विमानांत प्रथम श्रेणीचे आठ बंदिस्त कक्ष होते. एप्रिल २०१९ मध्ये ती कंपनीच बंद पडली. एअर इंडियाने २०२४ मध्ये सेवेत आणलेल्या ए-३५० विमानांत बिझनेस श्रेणीची २८, प्रीमियम इकॉनॉमीची २४ आणि इकॉनॉमीची २६४ आसने आहेत. त्यांत प्रथम श्रेणी नाही.

या निर्णयांमागे जागेचे गणित आहे. विमानातील जमिनीचे क्षेत्रफळ ठरलेले असते. एका प्रथम श्रेणी कक्षाच्या जागेत इकॉनॉमीची अनेक आसने मावतात, त्यामुळे तो कक्ष रिकामा गेला तर तोटा मोठा असतो. पर्यावरणाचा हिशेबही याच जागेवरून मांडला जातो. जागतिक बँकेच्या २०१३ मधील एका शोधनिबंधानुसार, व्यापलेली जागा लक्षात घेता प्रथम श्रेणीतील प्रवाशाच्या वाट्याला येणारे कार्बन उत्सर्जन इकॉनॉमीतील प्रवाशाच्या तुलनेत नऊपटीपर्यंत जाऊ शकते. सरकारी खर्चावरही या किमतीचा भार पडत होता. केंद्रीय अर्थ मंत्रालयाने ऑक्टोबर २०१४ मध्ये काटकसरीचा उपाय म्हणून अधिकाऱ्यांच्या प्रथम श्रेणीतील विमानप्रवासास मनाई केली.

कर आणि भरपाई

सप्टेंबर २०२५ पासून भारतात इकॉनॉमीच्या तिकिटावर ५ टक्के, तर त्यावरील सर्व श्रेणींवर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागू आहे. त्याआधी वरच्या श्रेणींसाठी हा दर १२ टक्के होता.

पैसे भरूनही श्रेणी न मिळण्याचा प्रसंग येऊ शकतो. ऐनवेळी विमान बदलले, आसन नादुरुस्त झाले किंवा आसनांपेक्षा अधिक तिकिटे विकली गेली, तर प्रवाशाला खालच्या श्रेणीत बसवले जाते. अशा प्रसंगी नुसत्या दिलगिरीवर समाधान मानण्याचे कारण नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या १५ फेब्रुवारी २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनुसार, प्रवाशाच्या इच्छेविरुद्ध श्रेणी खाली आणल्यास आंतरराष्ट्रीय प्रवासात करांसह तिकिटाच्या रकमेचा ठरावीक हिस्सा परत मिळतो. १,५०० किलोमीटरपर्यंत तो ३० टक्के, ३,५०० किलोमीटरपर्यंत ५० टक्के आणि त्यापुढे ७५ टक्के आहे. मुंबई ते फ्रँकफर्ट किंवा लंडन हे प्रवास शेवटच्या गटात येतात. युरोपीय महासंघातील विमानतळावरून निघणाऱ्या विमानांसाठी तेथील कायद्यातही हेच तीन टप्पे आहेत. त्यासाठी मूळ तिकीट, बदललेला बोर्डिंग पास आणि श्रेणी बदलल्याची लेखी नोंद जपून ठेवणे आवश्यक आहे.

तिकीट काढण्यापूर्वी त्या मार्गावर कोणते विमान जाते, त्यातील आसनरचना कशी आहे आणि उड्डाणाची वेळ काय आहे, हे पाहून घ्यावे. प्रवास दिवसाचा असेल, तर प्रथम श्रेणीतील पलंगाचा उपयोग मर्यादित राहतो. रात्रीच्या प्रवासात बिझनेस श्रेणीतही आसन पूर्ण सपाट होत असेल, तर प्रथम श्रेणीसाठी मोजलेले जादा पैसे मुख्यतः अधिक जागा, एकांत आणि स्वतःच्या सोयीचे जेवण यांसाठी असतात. वयोवृद्ध आई-वडिलांना परदेशातील मुलांकडे पाठवताना किंवा पहाटे उतरून थेट कामावर जाताना सलग झोपेचे मोल मोठे असते. मात्र, ती झोप बिझनेस श्रेणीतही मिळू शकते का, हे आधी तपासून मगच प्रथम श्रेणीचा विचार करणे शहाणपणाचे ठरेल.