जुन्या ग्रंथालयांचे विद्युत नूतनीकरण : खर्च कोणत्या शीर्षाखाली?

जुन्या दिल्लीच्या रेल्वे स्थानकासमोरील दिल्ली पब्लिक लायब्ररीचे उद्घाटन पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते २७ ऑक्टोबर १९५१ रोजी झाले. युनेस्को आणि भारत सरकार यांनी संयुक्तपणे हाती घेतलेला हा पथदर्शी प्रकल्प होता. १९५४ च्या ग्रंथ प्रदान कायद्यान्वये देशात प्रकाशित होणाऱ्या प्रत्येक पुस्तकाची प्रत ज्या चार ग्रंथालयांकडे पाठवावी लागते, त्यांत मुंबईच्या राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाबरोबर या ग्रंथालयाचाही समावेश आहे. तेथून जवळच, चांदनी चौक परिसरात, १८६२ पासूनची परंपरा सांगणारे हरदयाळ ग्रंथालय आहे. त्याची सध्याची वास्तू १९१६ मधील असून १९७० पर्यंत ते हार्डिंग यांच्या नावाने ओळखले जात असे. अशा वास्तू उभ्या राहिल्या तेव्हा दिवे आणि पंखे एवढाच विजेचा भार गृहीत धरण्यात आला होता. वातानुकूलन यंत्रे, संगणक आणि सर्व्हर यांचा भार त्यानंतर टप्प्याटप्प्याने वाढत गेला. भिंतीतील तारा मात्र अनेकदा त्याच राहिल्या.

यातील धोका समजून घेण्यास भौतिकशास्त्राचा एक साधा नियम पुरेसा आहे. तारेत निर्माण होणारी उष्णता विद्युत प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. दीड टनाचे एक जुने खिडकी वातानुकूलन यंत्र सुमारे पावणेदोन किलोवॅट वीज घेते. दिव्यांसाठी टाकलेल्या वाहिनीवर असे यंत्र जोडले, जुन्या अॅल्युमिनियम तारांचे सांधे सैल झालेले असले आणि फ्यूज वारंवार जातो म्हणून त्यात जाड तार बसविली, तर आगीस आवश्यक ती सर्व सामग्री जमते. सभोवती कागद असतोच.

दिल्लीचे हवामान आणि कागद

देशाच्या पाच हवामान विभागांपैकी दिल्ली ‘संमिश्र’ विभागात येते. मे-जूनमध्ये कोरडा उन्हाळा, जुलै ते सप्टेंबर दमट हवा आणि डिसेंबर-जानेवारीत कडक थंडी, अशी तीन भिन्न स्वरूपे एकाच वास्तूला सोसावी लागतात. मे महिन्यात वाचकाला सुखावणारा डेझर्ट कूलर पावसाळ्यात हवेतील आर्द्रता वाढवितो. सापेक्ष आर्द्रता ६५ ते ७० टक्क्यांच्या वर दीर्घकाळ राहिल्यास कागदावर बुरशी धरते. दिवसा वातानुकूलन चालू आणि रात्री बंद, ही सर्वसामान्य कार्यालयीन पद्धतही ग्रंथांना मानवत नाही. कागद आर्द्रतेनुसार प्रसरण व आकुंचन पावतो आणि बांधणी खिळखिळी होते. ग्रंथांना थंडीपेक्षा स्थैर्य अधिक हवे असते. म्हणून दुर्मीळ ग्रंथांच्या मोजक्या दालनांसाठी आर्द्रता नियंत्रणाची स्वतंत्र व अखंड व्यवस्था, तर वाचनकक्षांसाठी जाड भिंती, उंच छत, पडदे-झडपा व पंखे यांचा आधार घेणारी मर्यादित व्यवस्था, अशी विभागणी अधिक तर्कसंगत ठरते. हिवाळ्यात पुस्तकांच्या कपाटाशेजारी उघड्या तारेचा हीटर ठेवणे तर सर्वथा अयोग्य होय. शीतन व उष्णन ही दोन्ही कामे करणारे वातानुकूलन यंत्र एका युनिट विजेतून साधारणतः तीन युनिटांइतकी उष्णता पुरवू शकते.

बचतीचे गणित आणि त्याची मर्यादा

ऊर्जा संवर्धन कायदा २००१ मध्ये संमत झाला आणि १ मार्च २००२ रोजी ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची स्थापना झाली. त्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत राष्ट्रपती भवन, श्रमशक्ती भवन यांसारख्या दिल्लीतील शासकीय इमारतींचे ऊर्जा लेखापरीक्षण करण्यात आले. ‘ऊर्जा सेवा कंपनी’ने स्वतःचा पैसा गुंतवावा आणि वीजबिलात होणाऱ्या बचतीतून तो वसूल करावा, ही संकल्पना अशा इमारतींसाठीही पुढे आली.

उदाहरणादाखल एक ग्रंथालय गृहीत धरू. तेथे चोकसह ५४ वॅट घेणाऱ्या १०० नळ्या आणि ७५ वॅटचे ५० पंखे आहेत. त्यांच्या जागी २० वॅटच्या एलईडी नळ्या व ३० वॅटचे पंखे बसविले, नळ्या वर्षाला २४०० तास आणि पंखे १६०० तास चालले, तर अनुक्रमे ८१६० व ३६०० युनिटांची, म्हणजे एकूण ११,७६० युनिटांची बचत होते. युनिटचा दर १० रुपये मानल्यास वार्षिक बचत १,१७,६०० रुपये होईल. नळी ३०० रुपयांना आणि पंखा ३,००० रुपयांना धरला, तर एकूण खर्च १,८०,००० रुपये येतो व तो दीड वर्षाहून थोड्या अधिक काळात भरून निघतो. दिव्यांची उष्णता कमी झाल्याने वातानुकूलनावरील भारही घटतो. यंत्राची क्षमता त्यानंतरच ठरवावी. आधी यंत्र आणि मग दिवे, हा उलटा क्रम महाग पडतो.

परंतु सर्वाधिक निकडीचे काम या गणितात बसत नाही. तारा, अर्थिंग, एमसीबी आणि गळतीचा प्रवाह ओळखून वीज तोडणारे आरसीसीबी यांवरील खर्चाने बिलात एक रुपयाचीही लक्षणीय घट होत नाही. टळलेली आग ताळेबंदात दिसत नाही. साहजिकच बचतीवर जगणाऱ्या कंपनीस या कामात स्वारस्य नसते. टळलेल्या हानीचा लाभ वाचकांना, संशोधकांना, पुढील पिढ्यांना मिळतो आणि त्यांच्यापैकी कोणीही त्याची किंमत मोजत नाही. अर्थशास्त्राच्या परिभाषेत ही बाह्य लाभांची स्थिती आहे. हा भार सार्वजनिक निधीनेच उचलावयास हवा.

येथे अंदाजपत्रकाचा प्रश्न उद्भवतो. सर्वसाधारण वित्तीय नियम, २०१७ नुसार स्थायी स्वरूपाची मत्ता मिळविण्यासाठी किंवा विद्यमान मत्तेची उपयुक्तता वाढविण्यासाठी केलेला भरीव खर्च भांडवली, तर देखभाल-दुरुस्तीचा खर्च महसुली मानला जातो. स्वायत्त संस्थांना वेतन, सर्वसाधारण आणि भांडवली मत्ता निर्मिती अशा तीन शीर्षांखाली अनुदान मिळते. नवे वातानुकूलन संयंत्र सहज भांडवली शीर्षात बसते. तुकड्यातुकड्याने तार बदलणे ‘दुरुस्ती’ ठरते आणि वेतनेतर महसुली खर्चात कपात झाली की प्रथम तेच मागे पडते. (२०११-१२ च्या अंदाजपत्रकापासून वापरात आलेली ‘प्रभावी महसुली तूट’ काढताना महसुली तुटीतून भांडवली मत्ता निर्मितीसाठीची अनुदाने वजा केली जातात, हे विद्यार्थ्यांनी या संदर्भात लक्षात घ्यावे.) शिवाय बिलात बचत झाली तरी पुढील वर्षीचे अनुदान तितकेच कमी होण्याची शक्यता असते, मग काटकसर करण्यास संस्थेला प्रोत्साहन कोठून मिळणार?

यावर व्यवहार्य तोडगा म्हणजे संपूर्ण विद्युत नूतनीकरण एकच प्रकल्प म्हणून मंजूर करून ते मत्तेची उपयुक्तता वाढविणारा भांडवली खर्च म्हणून दाखविणे, आणि दिवे-पंख्यांतून होणारी बचत ठरावीक वर्षे ग्रंथालयाकडेच देखभालीसाठी राहू देणे. एकेकटे ग्रंथालय ऊर्जा सेवा कंपनीच्या दृष्टीने फार लहान असते. एका शहरातील अनेक ग्रंथालयांचा एकत्रित करार केल्यास ही अडचण दूर होऊ शकते. त्यासाठी प्रत्येक वास्तूची किमान बारा महिन्यांची वीजबिले, मंजूर भार आणि प्रत्यक्ष भार यांची नोंद आधी तयार हवी. वारसा यादीतील वास्तूंमध्ये भिंती फोडण्यापूर्वी संबंधित समितीची परवानगी आवश्यक असते व तिला लागणारा कालावधी वेळापत्रकात धरावा लागतो. काम एकेका दालनात करता येते. मात्र ते मे-जूनमध्ये काढले, तर घरी अभ्यासाला जागा नसलेल्या विद्यार्थ्यांना नेमक्या त्याच महिन्यांत वाचनकक्षाचे दार बंद आढळेल.