भाड्यासाठी घर : आता घ्यावे की थांबावे?

पिरियापट्टणात तंबाखूचा लिलाव चांगला गेला की बँकेत एक प्रश्न हमखास येतो: "साहेब, पैसे ठेवीत टाकू, की भाड्याने द्यायला घर घेऊ? पुढे भाव वाढले तर?"

भाव वाढतील की उतरतील, हे बँकेलाही सांगता येत नाही. मात्र घर तुम्हाला झेपेल का, हे कागदावर मांडता येते. एक उदाहरण घेऊ.

घराची किंमत ३० लाख, भाडे दरमहा ९,००० रुपये. वर्षात एक महिना घर रिकामे धरा. भाडे आले ९९,०००. घरपट्टी व डागडुजीचे १५,००० वजा जाता ८४,००० उरले, म्हणजे महिन्याला ७,०००. किमतीच्या मानाने हा परतावा २.८ टक्के. त्याशेजारी मुदत ठेवीचा आजचा दर लिहा.

आता कर्ज. २० लाख, २० वर्षे, ७ टक्के दराने हप्ता सुमारे १५,५०६ रुपये. भाडे वजा जाता दरमहा ८,५०६ रुपये पदरचे. पण बदलता दर एका जागी राहत नाही. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर ४ वरून ६.५ टक्क्यांवर नेला. तशीच अडीच टक्के वाढ तुमच्या कर्जात झाली आणि मुदत तीच ठेवली, तर हप्ता सुमारे १८,६४३ होईल. पदरचे ११,६४३!

म्हणून घेण्यापूर्वी स्वतःला विचारा:

१. तंबाखूला भाव न मिळालेल्या वर्षीही हा वाढीव हप्ता भरता येईल का? अशा वर्षी गावातला पैसा आटतो. तुमचे उत्पन्न आणि घराला गिऱ्हाईक दोन्ही एकदमच कमी होऊ शकतात.

२. मुद्रांक शुल्क व नोंदणीचा खर्च भागवून सहा महिन्यांचे हप्ते शिल्लक राहतात का?

३. ई-खाते, बोजा नसल्याचा दाखला आणि जमीन बिगरशेती झाल्याचा आदेश वकिलाने तपासला का?

तिन्ही उत्तरे 'हो' असतील, तर बाजाराच्या तळाची वाट पाहत बसू नका. एकही 'नाही' असेल, तर थांबा आणि रक्कम ठेवीत ठेवा. दोन हंगामांनी हाच हिशेब पुन्हा मांडा. घर नंतरही मिळेल. हप्ते थकल्यावर गेलेली पुंजी सहज परत येत नाही.